रेव्ह. ना. वा. टिळक : नेत्याच्या निर्णयाची किंमत कोण मोजतो?

मलकापूरहून महामार्गाने निघाले की तासाभरात सातारा येतो. आपल्या चळवळीतल्या तरुणांना सातारा म्हटले की सर्वप्रथम बालपणीचे भीमराव आठवतात. माता भीमाबाईंचे निधन इथेच झाले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्याच सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. कराड तालुक्यातल्या मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे निघालेल्या या मुलाला १९०१ साली वाटेत पाण्याचा घोटही मिळाला नाही, हे आपण दरवर्षी आपल्या मुलांना सांगतो.

याच सातारा शहरात त्यानंतर १६ वर्षांनी एक वेगळा प्रयोग सुरू झाला. तो करणारा माणूस जन्माने चित्पावन ब्राह्मण, धर्माने ख्रिस्ती आणि मराठीतला नामवंत कवी होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक असे त्याचे नाव. लोकमान्य टिळकांशी त्यांची गल्लत होऊ देऊ नये. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून वाचतो आणि तिथेच थांबतो. पण धर्मांतर, जात आणि नेतृत्व या तीन गोष्टींशी ज्याला देणेघेणे आहे, त्या कार्यकर्त्याने हे आयुष्य जरूर समजून घ्यावे. त्यात घेण्यासारखे बरेच आहे, टाळण्यासारखेही बरेच आहे.

अस्वस्थ तरुण

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील तापट होते. आई मायाळू होती, तिला कवितेची आवड होती. ती लवकर गेली आणि मुलाने घर सोडले. नाशिकला संस्कृत शिकले, थोडे इंग्रजीही शिकले, पण शिक्षण पुरे झाले नाही. कधी मास्तरकी, कधी कीर्तन, कधी लेखन असे करत गावोगाव फिरले. एका जागी टिकून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. ती अकरा-बारा वर्षांची, निरक्षर आणि अतिशय सोवळ्या घरात वाढलेली होती. याच लक्ष्मीबाई टिळक पुढे मराठीतल्या थोर लेखिका ठरल्या. नवऱ्याने तिला लिहा-वाचायला शिकवले, हे त्याचे श्रेय. पण तोच नवरा न सांगता उठून निघून जाई आणि दिवसेंदिवस पत्ता नसे. पैसा हातात आला की समोर जो गरजू दिसेल त्याला देऊन मोकळा होई. घरात चूल कशी पेटणार, हा प्रश्न मग बायकोने सोडवायचा. बाहेर दानशूर म्हणून नाव होत असताना घरात काय चालते, हे आपल्याकडच्या अनेक कार्यकर्त्यांच्या पत्नींना वेगळे सांगायची गरज नाही.

जातिभेदाने हा देश बुडाला, ही टिळकांची खात्री धर्मांतराच्या कितीतरी आधीची आहे. १८९१ पासून ते नागपुरात होते. तिथे संस्कृत ग्रंथांचे काम करत असताना त्यांच्या डोक्यात जात नसलेल्या एका नव्या धर्माचा विचार घोळत होता. १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी गाठ पडली. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या आणि वॉर्ड यांनी त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, टिपणे काढली, वाद घातले. जे आपण नव्याने स्थापन करू पाहत होतो ते इथे आहे, असे त्यांना वाटू लागले.

बाप्तिस्मा आणि पंढरपुरातले घर

पुढची दोन वर्षे ते घुटमळत राहिले, कारण घरी बायको होती आणि लहान मुलगा होता. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोऱ्या मिशनऱ्याऐवजी रेव्ह. तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाच्या हातून तो झाला. एका चित्पावन ब्राह्मणाने एतद्देशीय पाळकापुढे मस्तक झुकवणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पण ज्या स्त्रीचे सगळे आयुष्य या निर्णयाने उलटेपालटे होणार होते, तिला विश्वासात घेतलेले नव्हते. लक्ष्मीबाईंना ही बातमी दुसऱ्यांकडून कळली. त्या काळच्या ब्राह्मण समाजात नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे बाई ना सधवा, ना विधवा. कुंकू लावावे तर लोक बोलणार, पुसावे तर नवरा जिवंत. पदरात मूल आणि डोक्यावर नातेवाइकांचे उपकार. काही काळ त्या पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाला होत्या. ती सुमारे पाच वर्षे त्यांनी कशी काढली, हे त्यांनी पुढे आपल्या स्मृतिचित्रांत लिहून ठेवले आहे. त्यात आक्रस्ताळेपणा नाही, उलट विनोद आहे. म्हणूनच ते अधिक टोचते.

टिळकांचा निर्णय चुकीचा होता, असे इथे म्हणायचे नाही. आपला धर्म निवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि हे आपल्या समाजाइतके कोणाला कळणार? पण सत्य सापडले म्हणजे ते सोबतच्या माणसांना समजावून सांगण्याची जबाबदारी संपत नाही, उलट तिथून ती सुरू होते. बोधी प्राप्त झाल्यानंतर बुद्धांनी सारनाथला जाऊन आपल्या जुन्या पाच सोबत्यांना धम्म समजावला. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी घोषणा केल्यानंतर बाबासाहेबांनी २१ वर्षे अभ्यास केला. १९३६ च्या मुंबईतल्या महार परिषदेत त्यांनी आपल्या निर्णयाची कारणे लोकांपुढे एकेक करून मांडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भिक्खू चंद्रमणींकडून त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा माईसाहेब त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, आणि समोरच्या जनसमुदायात घरेच्या घरे होती. निर्णय एकट्याने घेता येतो, पण त्याचे ओझे दुसऱ्यावर पडणार असेल तर त्या दुसऱ्याला आधी सांगावे लागते.

चूक निस्तरण्याची पाच वर्षे

टिळकांचे मोठेपण यानंतरच्या काळात दिसते. १८६६ च्या एका कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार नांदायला तयार नसेल तर, कोर्टातून विवाह मोडून दुसरे लग्न करण्याची वाट दिली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, भेटीला गेले, अपमान सोसले, वाट पाहिली. आपल्या धर्मात ये, असा हट्ट धरला नाही. लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या तेव्हा आपला सोवळा-ओवळा घेऊनच आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी ते चालू दिले.

जात त्यांच्या मनातून गेली ती नवऱ्याच्या व्याख्यानाने नव्हे. ही उतरंड देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला. ती माणसानेच केली, असे उत्तर मिळाले आणि त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. १९०० साली त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे धम्मदीक्षेनंतरही घरातले देव्हारे तसेच राहिले म्हणून बायकांना बोल लावणारे कार्यकर्ते खूप आहेत. त्यांनी या प्रसंगावर थोडा विचार करावा. नेत्याने ढकलल्यामुळे बदललेला माणूस पुन्हा मागे जातो, स्वतः विचार करून बदललेला जात नाही.

अहमदनगरला टिळक मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दुष्काळ आणि प्लेगचे ते दिवस होते. अनाथ पोरे या घरात वाढली आणि लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. पुढे बालकवी म्हणून प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे याच घरात मुलासारखे राहिले.

मंडळी कोणाची?

अहमदनगर परिसरातल्या ख्रिस्ती मंडळींमध्ये बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजातून आलेली होती. गावकुसाबाहेरच्या या लोकांना मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला, नावापुढे मान दिला. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निर्णय घेणारे बोर्ड परदेशी मिशनऱ्यांचे, पैसा परदेशातून येणारा आणि भारतीय पाळक-शिक्षक हे पगारी नोकर, अशी ती रचना होती. जो पगार देतो त्याला उत्तर द्यायचे, आणि ज्यांची सेवा करायची त्यांना उत्तर द्यायचे बंधन नाही. टिळकांना हे खुपत होते.

भारतातली ख्रिस्ती मंडळी भारतीयांनी चालवली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. उपासनेचे रूपही त्यांनी बदलले. परदेशी चालीवरची भाषांतरित गीते बाजूला ठेवून अभंग, भजन आणि कीर्तन मंडळीत आणले. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या वाटेने, असे ते उघड सांगत. त्यांची गीते आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या जुन्या पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते, आणि त्या पानांतून स्वाभिमानी, देशप्रेमी ख्रिस्ती माणूस घडवण्याची त्यांची धडपड चालू होती. मिशनरी त्यांचे मित्र होते. तरीही मैत्री राखून ते मिशनच्या रचनेवर बोलत राहिले.

इथे एक प्रश्न आपल्या बाजूने विचारलाच पाहिजे. मंडळीत बहुसंख्य असलेल्या महार-मांग ख्रिस्ती माणसांचा आवाज या सगळ्यात किती होता? परदेशी मिशनऱ्याच्या जागी भारतीय नेता आला, पण तो ब्राह्मण कवी आहे म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे, हेही खरेच होते. टिळकांनी जात मनापासून सोडली होती, यात शंका नाही. पण जातीने दिलेले संस्कृत, भाषा, प्रतिष्ठा आणि ओळखी या गोष्टी सोडतो म्हटले तरी सुटत नाहीत. ब्राह्मण वळले की बाकीचा समाज आपोआप येईल, या मिशनऱ्यांच्या जुन्या समजुतीवर बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मप्रसाराविषयीच्या लेखनात नेमके बोट ठेवले आहे. मिशनच्या शाळा-कॉलेजांचा मोठा फायदा उच्चवर्णीयांनी उचलला आणि जे खरोखर धर्मांतरित झाले ते मागेच राहिले, हा त्यांचा आक्षेप होता.

१९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर बोलतानाही बाबासाहेबांनी आडपडदा ठेवला नाही. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी त्यांनी आदर व्यक्त केला आणि त्याच भाषणात दक्षिणेकडच्या चर्चमध्ये जात कशी शिरली आहे, ख्रिस्ती समाज आपल्या हक्कांसाठी लढायला कसा मागे राहतो, हेही सुनावले. धर्म बदलला पण नेतृत्वाने जातीशी लढण्याची जबाबदारी घेतली नाही, तर जात नव्या घरातही जागा करून बसते. ही गोष्ट चर्चला लागू आहे तशीच विहारालाही लागू आहे.

साताऱ्यातला दरबार

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती नाजूक, गाठीला पैसा नाही. त्यांनी संन्याशाची वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात येऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा तो बंधुभाव होता. त्याला पंथाचे कुंपण नव्हते, परदेशी पैशाचा टेकू नव्हता आणि जातीचा दाखला लागत नव्हता. कोणत्या चर्चचे सभासद आहात, याच्याशी दरबाराला कर्तव्य नव्हते.

याच वर्षी, म्हणजे १९१७ मध्ये, परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले होते आणि जातीमुळे त्यांना राहायला घर मिळत नव्हते. साताऱ्यात जात नसलेला दरबार भरत असतानाच बडोद्यात सर्वाधिक शिकलेल्या अस्पृश्य माणसाला पारशी खानावळीतून बाहेर काढले जात होते. दोन्ही घटना एकाच काळातल्या आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे टिळकांचा प्रयोग किती धाडसी होता ते कळते, आणि तो प्रश्नाच्या मानाने किती लहान होता तेही कळते.

पगार सोडण्याच्या निर्णयाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. ज्याच्या पैशावर आपण जगतो त्याच्या विरोधात आपण बोलू शकत नाही, हे टिळकांनी ओळखले आणि स्वतःला मोकळे करून घेतले. आज एखाद्या पक्षाच्या तिकिटासाठी, महामंडळासाठी किंवा देणगीसाठी समाजाची बाजू गुंडाळून ठेवणाऱ्या पुढाऱ्यांनी यातून शिकावे. पण संन्यास घेणारा पुरुष मोकळा होतो आणि संसार बाईच्या अंगावर पडतो, ही दुसरी बाजू. लक्ष्मीबाईंनी तेही निभावले. फरक इतकाच की या वेळी त्यांना सगळे ठाऊक होते, आणि त्या गप्प बसणाऱ्या राहिल्या नव्हत्या.

दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबाराचा जोर ओसरला. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता. दुसरी फळी, नियम, कामाची वाटणी, हिशेबाची वही यांतले काही घट्ट बसायला वेळ मिळाला नाही, आणि टिळकांचा पिंडही ते बसवणाऱ्याचा नव्हता. बुद्धांनी आपल्यामागे कोणाला वारस नेमले नाही, धम्म आणि विनय हेच पुढचे मार्गदर्शक ठरवले. माणूस गेला तरी काम चालावे, याची ती व्यवस्था होती. आपल्या चळवळीनेही हा धडा महाग किमतीने शिकला आहे. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच फुटला, आणि पुढे किती गट झाले ते सर्वांना माहीत आहे.

हिशेब ठेवणारी बाई

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि त्यातला मोठा भाग त्यांचाच आहे. जिला नवऱ्याने अक्षर शिकवले तिने त्याचे अपुरे काम पुरे केले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या.

टिळक आज आपल्याला जिवंत माणसासारखे कळतात ते या पुस्तकामुळे. लक्ष्मीबाईंनी त्यांना देव्हाऱ्यात बसवले नाही आणि चव्हाट्यावरही आणले नाही. त्यांची दानत सांगितली, त्यांचा तऱ्हेवाईकपणा सांगितला, न सांगता निघून जाणे सांगितले, आणि परत येऊन केलेली माया सांगितली. ख्रिस्ती समाजानेही हे पुस्तक दडपले नाही, अभिमानाने जपले. नेत्याविषयी खरे लिहिले म्हणून समाजाची मान खाली जात नाही, हे यातून दिसते. आपल्याकडे एखाद्या दिवंगत पुढाऱ्याच्या पत्नीने असे पुस्तक लिहिले तर आपण ते कसे घेऊ? बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवावे लागले. हे आपल्याच फलटणच्या, याच सातारा जिल्ह्यातल्या लेखिकेचे उदाहरण आहे.

टिळकांच्या आयुष्यातून कार्यकर्त्याने घ्यायच्या गोष्टी साध्या आहेत. निर्णय घेण्याआधी ज्याला त्याची झळ लागणार आहे त्याच्याशी बोला. चूक झाली असेल तर कायद्याने किंवा पदाने मिळणारी सोपी सुटका घेऊ नका, वेळ देऊन ती निस्तरा. ज्यांच्यासाठी काम करता त्यांनाच उत्तरदायी राहा आणि पैशाची दोरी दुसऱ्याच्या हाती देऊ नका. आपल्यानंतर काम चालवतील अशी माणसे आणि असे नियम आज तयार करा. आणि घरातल्या बाईला हिशेब विचारण्याचा अधिकार द्या, कारण ती विचारो वा न विचारो, तिच्या वहीत तो लिहिलेला असतोच.

बुद्धांच्या कम्मविचारात कृतीचे फळ करणाऱ्यापासून तोडता येत नाही. तिथे जन्म, पद किंवा लोकप्रियता यांची सूट नाही. ख्रिस्ती पाळक असो, भिक्खू असो, की गावातल्या विहार समितीचा अध्यक्ष असो, नियम सर्वांना सारखाच आहे. रेव्हरंड टिळकांनी तो कधी मोडला, कधी मनापासून पाळला. येत्या रविवारी आपापल्या विहारात बसाल तेव्हा निदान एक प्रश्न चर्चेला घ्या : आपल्या समितीचे शेवटचे मोठे निर्णय कोणाला विचारून घेतले गेले, आणि त्यांची किंमत कोणी मोजली?